मुखकर्करोगाचे लवकर निदान आणि दंतवैद्य

ओठ, जीभ, हिरड्या, टाळू, गालाचा आतील भाग व जिभेखालील भाग यांत होणाऱ्या कर्करोगास मुखकर्करोग म्हणतात. दाढदुखीसाठी आलेल्या रुग्णाचेही संपूर्ण तोंड दंतवैद्यांना पाहता येते. त्यामुळे हा रोग आरंभीच ओळखण्यात त्यांची भूमिका महत्त्वाची ठरते.

पार्श्वभूमी

भारतीय पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी हा एक आहे. तंबाखू, सुपारी, गुटखा आणि मद्य ही त्याची प्रमुख कारणे होत. तंबाखूचा बार जेथे धरला जातो, त्या गाल व हिरडी यांमधील खाचेत भारतात हा रोग विशेषेकरून आढळतो. आरंभी बहुधा वेदना नसल्याने रुग्णाचे दुर्लक्ष होते आणि उपचार सुरू होईपर्यंत रोग बळावलेला असतो.

तपासणी

पुरेसा प्रकाश व लहान आरसा यांच्या साहाय्याने ही तपासणी काही मिनिटांत होते. जीभ बाहेर ओढून तिच्या कडा पाहतात, गाल बोटांनी चाचपतात आणि मानेतील गाठी तपासतात. पुढील चिन्हांकडे विशेष लक्ष दिले जाते :

* पुसून न जाणारा पांढरा चट्टा (ल्युकोप्लाकिया)
* मखमली लाल चट्टा (एरिथ्रोप्लाकिया); यात कर्करोगाची शक्यता अधिक असते
* तोंड उघडण्याचे प्रमाण कमी होणे (ओरल सबम्यूकस फायब्रोसिस). याचा सुपारीशी निकट संबंध आहे
* दोन आठवड्यांत न भरणारी जखम

दाताच्या टोकदार कडेमुळेही जखम होते. अशा वेळी ती कड घासून गुळगुळीत करतात व सुमारे दोन आठवड्यांनी रुग्णास पुन्हा बोलावतात. जखम तरीही न भरल्यास तिचा लहान तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात (बायोप्सी). निश्चित निदान या परीक्षेनेच होते.

संशोधन

केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांकडून लोकांच्या तोंडाची तपासणी करण्यात आली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तंबाखू किंवा मद्य सेवन करणाऱ्यांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी आढळले.

मर्यादा

दुखल्याशिवाय दवाखान्यात न जाण्याच्या प्रवृत्तीमुळे अनेक व्यसनी व्यक्ती दंतवैद्यांपर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून भारत सरकारच्या २०१६ मधील मार्गदर्शक सूचनांत तीस वर्षांवरील व्यक्तींची दर पाच वर्षांनी आरोग्य कर्मचाऱ्यांमार्फत मुखतपासणी करण्याची तरतूद आहे. संशयित रुग्णांना पुढील परीक्षेसाठी दंतवैद्य अथवा अन्य तज्ज्ञांकडे पाठवले जाते.