ब्लड बाउल: फजितीचे नियम असलेला खेळ आणि त्याच्या रंगवलेल्या बाहुल्या

टेबलावर चौकोन आखलेला एक पट. पटावर अंगठ्याएवढ्या, हाताने रंगवलेल्या बाहुल्यांचे दोन संघ. एका संघातला ट्रोल (इंटरनेटवरचा नव्हे, युरोपातल्या लोककथांमधला आडदांड, मठ्ठ राक्षस) आपल्याच संघातल्या गॉब्लिनला उचलतो. गॉब्लिनच्या हातात चेंडू आहे. त्याला चेंडूसकट प्रतिस्पर्ध्यांच्या डोक्यावरून भिरकावून द्यायचे, असा बेत आहे. खेळाडू फासा टाकतो आणि एक पडतो. म्हणजे ट्रोलला भूक लागली आहे. आता पुन्हा फासा. पुन्हा एकच पडला तर ट्रोल त्या गॉब्लिनला खाऊन टाकतो, आणि संघाच्या वैद्यालाही काही करता येत नाही. दोन ते सहा पडले तर गॉब्लिन धडपडत निसटतो, पण फेक फसते.

हा प्रसंग खेळणाऱ्यांनी रचलेला विनोद नाही. तो नियमपुस्तकात लिहिलेला आहे आणि त्याची शक्यता छत्तीसात एक आहे. ‘ब्लड बाउल’ या ब्रिटिश खेळाचे वैशिष्ट्य हेच. अमेरिकन फुटबॉल आणि राक्षस-पऱ्यांच्या जगातले युद्ध यांची ही खिचडी असून तिच्यात फजिती हा खेळाचाच भाग आहे.

बाहुल्यांच्या लढाया कुठून आल्या

टेबलावर लढाई खेळण्याची कल्पना जुनी आहे. बुद्धिबळ हे चतुरंगाचेच वंशज, म्हणजे तेही मुळात युद्धच. १७८० मध्ये जर्मनीतल्या ब्रन्सविक येथे हेल्विग नावाच्या गृहस्थांनी बुद्धिबळ वाढवून मोठ्या पटावरचा युद्धखेळ तयार केला. पुढे १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्याने राइसवित्झ पितापुत्रांचा ‘क्रीगस्पील’ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी स्वीकारला. हे सगळे अत्यंत गंभीर प्रकरण होते. नकाशे, मोजपट्ट्या, पंच आणि शिस्त.

त्यात गंमत आणण्याचे श्रेय बऱ्याच अंशी एच. जी. वेल्स यांना जाते. ‘टाइम मशीन’चे लेखक म्हणून ते आपल्याला माहीत असतात. १९१३ मध्ये त्यांनी ‘लिटल वॉर्स’ नावाचे छोटे पुस्तक लिहिले. खेळाची सुरुवात कशी झाली हे त्यांनी त्यात सांगितले आहे. इंग्लंडमधल्या सँडगेट येथे जेवण झाल्यावर एका मित्राने खोलीत पडलेली लहान मुलाची स्प्रिंगची तोफ उचलली, नेम धरला आणि शिशाचा एक सैनिक पाडला. हा मित्र पुस्तकात फक्त ‘जे. के. जे.’ या आद्याक्षरांनी येतो. विनोदी लेखक जेरोम के. जेरोम तो हाच, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मोठी माणसे जमिनीवर गुडघे टेकून खेळण्यातल्या सैनिकांवर नेम धरत बसली आणि त्यातून नियम तयार झाले. वेल्स स्वतः युद्धविरोधी होते. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध कितीतरी बरे, असा त्यांचा पुस्तकातला युक्तिवाद आहे. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

नफल नावाचा देव

आजच्या छंदाचे केंद्र मात्र इंग्लंडमधले नॉटिंगहॅम शहर आहे. १९७५ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेली ‘गेम्स वर्कशॉप’ ही कंपनी पुढे तिथे स्थिरावली. १९८३ मध्ये तिने ‘वॉरहॅमर’ हा सैन्यांच्या लढाईचा खेळ आणला आणि १९८७ मध्ये त्याचे अंतराळातले भावंड, ‘वॉरहॅमर ४०,०००’. या दोन्हींच्या मध्ये, १९८६ साली, जर्विस जॉन्सन यांनी तयार केलेला ‘ब्लड बाउल’ आला. पहिल्या संचात खेळाडू पुठ्ठ्याचे होते. १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्लॅस्टिकच्या बाहुल्या आल्या.

खेळाची पार्श्वकथाच थट्टेने भरलेली आहे. रणांगणावर समोरासमोर आलेल्या दोन सैन्यांना जमिनीखाली एक प्राचीन मंदिर सापडते. ते ‘नफल’ या देवाचे. रोझेल नावाचा बुटका त्यातला धर्मग्रंथ वाचतो आणि जाहीर करतो की या देवाची उपासना चेंडू खेळूनच होते आणि अकरा हा पवित्र आकडा आहे. ‘नफल’ हे अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगच्या एन-एफ-एल या आद्याक्षरांचे शब्दात केलेले रूप. रोझेल हे त्या लीगच्या एका गाजलेल्या आयुक्तांचे आडनाव. सामन्याचे समालोचन करायला एक व्हँपायर आणि एक माजी खेळाडू असलेला ऑगर आहेत. ब्लड बाउल खेळणारे लोक आजही वाईट दान पडले की नफलला बोल लावतात, अगदी सारीपाटावर बसलेला माणूस फाशांना लावतो तसा.

खेळ चालतो कसा

पट २६ बाय १५ चौकोनांचा. प्रत्येक बाजूचे अकरा खेळाडू. सामन्याचे दोन भाग आणि प्रत्येक भागात दोन्ही बाजूंना आठ-आठ पाळ्या. चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रांगेत नेला की एक गुण. नियमांचे तपशील आवृत्तीगणिक थोडे बदलतात, पण हा सांगाडा कायम आहे.

खरी मेख आहे ‘टर्नओव्हर’ या नियमात. तो १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आला आणि खेळाचे रूपच पालटले. आपल्या पाळीत आपण सगळ्या खेळाडूंना एकेक करून हलवू शकतो. पण त्यातला एकजण जरी पडला, किंवा चेंडू उचलताना हातातून निसटला, तरी पाळी तिथल्या तिथे संपते. उरलेले सगळे जिथे आहेत तिथे उभे. त्यामुळे कोणाला आधी हलवायचे हाच खेळातला मुख्य प्रश्न होतो. फासा न टाकता होणाऱ्या गोष्टी आधी, कमी धोक्याच्या त्यानंतर, जिवावरच्या शेवटी. नवशिका उत्साहाने पहिल्याच झटक्यात चेंडू उचलायला जातो, एक पडतो, आणि पुढची चार मिनिटे तो प्रतिस्पर्ध्याचे खेळाडू आपल्या खेळाडूंना आडवे करताना बघत बसतो.

धक्का देण्यासाठी वेगळा फासा असतो. त्याच्या सहा बाजूंपैकी एकीवर कवटी असते, म्हणजे धक्का देणाराच पडतो. एकीवर दोघेही पडतात. दोन बाजूंवर समोरचा नुसता मागे सरकतो आणि उरलेल्या दोन साधारणपणे त्याला पाडतात. धक्का देणारा ताकदवान असेल तर दोन फासे टाकून हवा तो निवडायला मिळतो. आता गणित पाहा. एका फाशात पाळी गमावण्याची शक्यता तीनात एक. दोन फाशांत नऊत एक. खेळाडूकडे ‘ब्लॉक’ हे कौशल्य असेल, म्हणजे ‘दोघेही पडतात’ या बाजूवर तो स्वतः उभा राहत असेल, तर छत्तीसात एक. म्हणून अनुभवी माणूस पहिले कौशल्य बहुधा हेच घेतो. वरवर हा दंगा दिसतो, पण आत धोका मोजण्याचा चोख व्यवहार आहे. विनोदी खेळ म्हणजे डोके न लावता खेळायचा खेळ, असे समजून बसणारा ब्लड बाउलमध्ये सपाटून हरतो.

गॉब्लिनांचा संघ याला अपवाद म्हणता येईल, कारण तो जिंकण्यासाठी फारसा घेतलाच जात नाही. त्यांच्याकडे करवत चालवणारा, बाँब फेकणारा, साखळीला बांधलेला लोखंडी गोळा गरागरा फिरवत फाशाने ठरेल त्या दिशेला जाणारा, असे नियमबाह्य खेळाडू असतात. पंच त्यांना बाहेर काढतो, म्हणून पंचाला लाच देण्याचाही नियम आहे. संघातला ट्रोल इतका बावळट की शेजारी सांगणारा कोणी नसेल तर निम्म्या वेळा आपण कशासाठी आलो हेच विसरतो. हाफलिंगांचा संघ आणखी दुबळा. त्यांचा आचारी मात्र समोरच्या संघाचे ‘पुन्हा फासा टाकण्याचे’ हक्क पळवतो.

हसू नेमके कुठे थांबते, हे लीगमध्ये कळते. एक सामना हा एक सामना असतो, पण बहुतेक जण महिनोन्‌महिने चालणाऱ्या लीगमध्ये खेळतात. खेळाडूंना अनुभव मिळतो, कौशल्ये वाढतात, जखमा कायमच्या राहतात आणि काही मरतात. मेलेला खेळाडू पुढच्या सामन्यात परत येत नाही. ज्या बाहुलीला आपण नाव ठेवले, जिच्या पाठीवर क्रमांक काढला, जिने मागच्या तीन सामन्यांत गुण मिळवले, ती एका दानात यादीतून खोडावी लागते. बाहुली कपाटात असतेच, पण तिला नव्या खेळाडूसाठी वापरावे की नाही यावर लोक खरोखर विचार करतात. काहीजण मेलेल्यांसाठी वेगळा कप्पा ठेवतात.

रंगकाम

हा जिव्हाळा येतो रंगकामातून. बाहुल्या विकत मिळतात त्या करड्या प्लॅस्टिकच्या सुट्या तुकड्यांत. चौकटीतून कापायच्या, साच्याची रेघ चाकूने खरवडायची, डिंकाने नव्हे तर प्लॅस्टिक वितळवून जोडणाऱ्या सिमेंटने चिकटवायच्या. पूर्वी त्या शिशाच्या असत. नव्वदच्या दशकात शिशाऐवजी कथिलाचा मिश्रधातू आला.

मग अस्तर, म्हणजे प्रायमर. त्याशिवाय रंग प्लॅस्टिकवर धरत नाही. फवाऱ्याचा प्रायमर दमट हवेत मारला तर पृष्ठभाग खरखरीत किंवा दुधाळ होतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हा छंद करायचा तर प्रायमर ब्रशने लावलेलाच बरा. त्यावर अ‍ॅक्रिलिक रंगाचे, पाण्याने पातळ केलेले दोन हात. एकच जाड हात दिला की चेहऱ्याचे नाकडोळे बुजतात. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक हीच असते.

पुढचे दोन टप्पे जादूसारखे वाटतात. पहिला ‘वॉश’. अगदी पातळ, गडद रंग अंगभर सोडला की तो खाचांमध्ये उतरतो आणि सावल्या आपोआप तयार होतात. दुसरा ‘ड्रायब्रश’. ब्रशवरचा जवळजवळ सगळा रंग कागदावर पुसून टाकायचा आणि उरलेल्या भुकटीने उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचे. केस, साखळ्या, चिलखत एकदम उठून दिसतात. या दोन युक्त्यांवर कोणालाही आठवड्याभरात टेबलावर शोभेल असा संघ रंगवता येतो. डोळे शेवटी. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात आखणीसाठी सर्वांत सरावलेला हात लागतो, ते कारण इथेही लागू आहे. फक्त इथे डोळा मोहरीहूनही लहान असतो. हात थरथरला तर बाहुली तिरळी होते. गॉब्लिनच्या बाबतीत ते खपून जाते, आणि म्हणून सुरुवात गॉब्लिनांपासून करावी.

रंगाचा खेळावरही परिणाम व्हावा, ही गंमत ‘वॉरहॅमर ४०,०००’ मधल्या ऑर्कांनी केली. ऑर्क म्हणजे बुरशीसारखे बीजाणूंतून उगवणारे, लंडनच्या फुटबॉल हुल्लडबाजांच्या बोलीत बोलणारे हिरवे लढवय्ये. लाल वाहन जास्त वेगाने धावते अशी त्यांची श्रद्धा. त्यांच्या नियमपुस्तकाच्या अनेक आवृत्त्यांमध्ये लाल रंगवलेल्या गाडीला खरोखर एक इंच जास्त चाल मिळत असे. बाकीचा तो खेळ काळाबरोबर कमालीचा काळवंडत, गंभीर होत गेला, ऑर्क मात्र ऐंशीच्या दशकातला टवाळपणा धरून राहिले.

कंपनीने सोडले, खेळणाऱ्यांनी धरले

१९९४ च्या आवृत्तीनंतर कंपनीचे लक्ष ब्लड बाउलवरून हळूहळू उडाले. नव्या साच्यांचा संच यायला २०१६ साल उजाडले. मधल्या काळात खेळ टिकला तो खेळणाऱ्यांमुळे. नियमांच्या सुधारित आवृत्त्या मोफत फिरत राहिल्या, देशोदेशी स्पर्धा भरत राहिल्या, इतर छोटे मूर्तिकार या खेळाला चालतील असे संघ घडवत राहिले. खेळ कंपनीचा की खेळणाऱ्यांचा, हा वाद या छंदात नेहमीचा आहे. या प्रकरणात तरी उत्तर बरेचसे खेळणाऱ्यांच्या बाजूने जाते.

भारतात सुरुवात करायची तर

परदेशी संच, त्यावरची वाहतूक आणि कर धरता हा छंद महाग पडतो. पण ब्लड बाउलला लागते ती ओळखता येणारी बाहुली आणि आखलेला पट. दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायचे मातीचे मावळे आकाराने मोठे असतात, पण पटाचे चौकोन तेवढे मोठे आखले की खेळ अडत नाही. कागदी ठोकळ्यांवरही तो चालतो.

त्याहून सोपा रस्ता म्हणजे ‘गॅसलँड्स’. माइक हचिन्सन यांचा हा खेळ २०१७ मध्ये ऑस्प्री प्रकाशनाने छापला. त्यात बाहुल्याच नाहीत. कोपऱ्यावरच्या खेळण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या हॉट व्हील्सच्या छोट्या मोटारी घ्यायच्या, त्यांवर काडेपेटीच्या काड्या, जाळीचे तुकडे, तुटक्या पेनाचे भाग चिकटवून त्यांना बंदुका आणि चिलखत बनवायचे, गंज चढल्यासारखे रंगवायचे आणि पुठ्ठ्याच्या वळणपट्ट्यांनी शर्यत लावायची. जास्त वेगात वळण घेतले की धोक्याच्या खुणा साठत जातात. सहा झाल्या की गाडी घसरते, कधीकधी उलटते, आणि तेवढ्यावर निभावते असेही नाही, कारण मागचा गडीही त्याच वेगात येत असतो.