घासलेली काच झिजत नाही, फुटते

पाटण-कराड टापूला काच परकी नाही. 1916 साली सुरू झालेल्या ओगले ग्लास वर्क्समुळे ओगलेवाडी हे नाव पडले आणि तिथला प्रभाकर कंदील घरोघर पोचला. तरी काचेबद्दलचा एक समज इथेही पक्का आहे : दुर्बिणीचा आरसा करताना कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून काच घासली, की ती झिजते, फुटणे हा निराळा अपघात.

या पूर्वपक्षाला आधार नाही असे नाही. घासलेली काच सगळीकडे सारखी धुरकट दिसते, तडा कुठेच दिसत नाही. शिवाय काच फुटते ती क्षणात. क्रान्झ आणि शार्डिन यांनी 1929मध्ये ठिणग्यांच्या प्रकाशात चालणारा अतिवेगवान कॅमेरा घडवला. अशा छायाचित्रणातून साध्या काचेतल्या तड्याचा कमाल वेग सेकंदाला सुमारे 1500 मीटर भरला. मग हाताच्या संथ फेऱ्यांत फुटणे कुठून येणार?

पण हा वेग ताणाखालच्या अख्ख्या तावदानात मोकाट सुटलेल्या तड्याचा. पुडीच्या कणाखालचा तडा वेगळा. लॉन आणि स्वेन यांनी 1975मध्ये काचेवर कठीण टोक दाबून दाखवले : दाब वाढतो तसा एक तडा खोल उतरतो, दाब उतरू लागला, की आडवे तडे पसरून पृष्ठभागाकडे वळतात आणि कपची उडते. ताण टोकाजवळच एकवटलेला असतो, म्हणून तडा थोड्या अंतरावर थांबतो. घासताना गडगडणारा प्रत्येक कण हेच करतो : टेकतो, दाबतो, सुटतो. पाट्याला टाकी लावताना उडते तशीच ही कपची, फक्त डोळ्यांना न दिसणारी. भिंगाखाली पाहा, शिंपल्यासारख्या कडांचे खड्डे दिसतील.

म्हणून घासण्यातले तडे पकडायला नुसता वेगवान कॅमेरा पुरत नाही. सेकंदाला लाख चित्रे घेतली तरी दोन चित्रांमध्ये मोकाट तडा 15 मिलिमीटर पळालेला असतो, आणि 80 नंबरच्या पुडीचा कण जेमतेम 0.2 मिलिमीटरचा. कणावरचा दाब आणि तडा एकाच वेळी टिपले, तरच कार्यकारण कळते.

पॉलिशपुरता पूर्वपक्ष मान्य. सेरियम ऑक्साइड आणि पाणी काचेचा पृष्ठभाग रसायनानेही काढतात. तिथे कपच्या उडत नाहीत. घासण्याला मात्र झीज म्हणण्याची किंमत मोजावी लागते. खड्ड्यांच्या तळाशी न दिसणारे तडे उरतात. वरवर गुळगुळीत दिसले म्हणून पुढची बारीक पूड घेतली, तर तेच तडे शेवटी पॉलिशमध्ये ओरखडे होऊन उघडे पडतात. प्रत्येक पुडीने आधीच्या पुडीचे खड्डेच नव्हे, त्यांखालचे तडेही काढायचे असतात. शिकवणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे.