तरंगणारा शब्द

‘पल्मोनरी’, ‘पल्मोनॉलॉजिस्ट’ हे शब्द रुग्णालयांतील पाट्यांमुळे मराठी वाचकांच्या परिचयाचे झाले आहेत. त्यांच्या मुळाशी ‘पुल्मो’ हा फुफ्फुसवाचक लॅटिन शब्द आहे. भाषाशास्त्रज्ञ त्याची व्युत्पत्ती तरंगणे या अर्थाच्या एका प्राचीन धातूपर्यंत नेतात. संस्कृतातील ‘प्लु’ हा धातू त्याच कुळातला. आपला ‘फुफ्फुस’ कानाला श्वासाच्या आवाजासारखा लागतो; लॅटिन शब्द मात्र पाण्यात टाकलेल्या अवयवाची आठवण ठेवून आहे. हवेने भरलेले फुफ्फुस बुडत नाही, हे खाटकाला वैद्याइतकेच ठाऊक असणार.

प्राणिशास्त्रात हे नाव दूरवर गेले. प्लिनीने जेलीफिशला ‘पुल्मो’ म्हटले, आणि भूमध्य समुद्रातील एक जेलीफिश आजही ‘रायझोस्टोमा पुल्मो’ या नावाने ओळखला जातो. त्याला फुफ्फुसे नाहीत. जमिनीवरील गोगलगाई ‘पल्मोनाटा’ ठरल्या त्या मात्र श्वसनाच्या आधारावर: त्यांच्या शरीरातील रक्तवाहिन्यांनी व्यापलेली एक पोकळी फुफ्फुसाचे काम करते.

न्यायालयात याच तरंगण्यावर माणसांचे जीव टांगले गेले. 1681 मध्ये जर्मनीतील त्साइट्स येथे एका पंधरा वर्षांच्या मुलीवर नवजात अर्भकाच्या हत्येचा आरोप होता. योहान श्रायर या वैद्याने अर्भकाची फुफ्फुसे पाण्यात सोडली. ती बुडाली, म्हणजे मुलाने श्वास घेतलाच नव्हता, ते मृतच जन्मले होते, असे त्याने मांडले. या परीक्षेलाही पुढे लॅटिन नाव मिळाले: ‘डॉसिमासिया पल्मोनम’.

पण जे बुडणे आरोपीला तारू शकते, त्याच्या उलट असलेले तरंगणे तिला फासापर्यंत नेऊ शकते. इंग्लंडमध्ये 1624 च्या कायद्याने मृत अर्भक लपवणाऱ्या अविवाहित आईवरच ते मृत जन्मल्याचे सिद्ध करण्याचा भार टाकला होता. तो कायदा 1803 मध्ये रद्द झाला. त्यापूर्वी, 1783 मध्ये, लंडनमध्ये वाचल्या गेलेल्या विल्यम हंटर यांच्या निबंधात या परीक्षेविषयी शंका उपस्थित करण्यात आली. शरीर कुजू लागले तरी फुफ्फुसे तरंगतात. मूल जगावे म्हणून कोणी त्याच्या तोंडात हवा फुंकली असेल तरीही तरंगतात. मुलाला वाचवण्याची धडपडच अशा रीतीने आईविरुद्ध साक्ष देऊ शकत होती.

न्यायवैद्यकात आज केवळ या परीक्षेवर निष्कर्ष काढणे धोक्याचे मानले जाते. ‘पुल्मो’ या शब्दाने फुफ्फुसाचा एक गुण अचूक टिपला. तो गुण कशामुळे आला, हे प्रत्येक वेळी नव्याने तपासावे लागते, आणि ते काम शब्दावर सोपवता येत नाही, असे आम्हांस वाटते.