चेहरा नटाचा, भरवसा आपला

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)



मागच्या भागानंतर आपल्या एका श्रोत्या ताईंचा निरोप आला. त्यांचा मुलगा आठवीत आहे. दप्तर आवरताना त्यांना त्यात वेलचीची एक चकचकीत पुडी सापडली. त्या रागावल्या. त्यावर पोरगा अगदी शांतपणे म्हणाला, "अगं आई, एवढा मोठा हिरो टीव्हीवर खातो. मग वाईट कशी असेल?" ताई लिहितात, "मला उत्तरच सुचलं नाही. तुम्ही इतिहास सांगता ना, मग याचाही सांगा."

तर आजचा भाग त्या पोराच्या प्रश्नावर. हसू नका बरं का. त्या प्रश्नामागे शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे.

सुरुवात करू १९१७ पासून. दादासाहेब फाळक्यांचा 'लंकादहन' आला. मूकपट. त्यात राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या. हे साळुंके मूळचे हॉटेलातले कामगार, फाळक्यांनी त्यांना तिथूनच उचललं होतं. पण पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायातल्या वहाणा काढायचे, हात जोडायचे, असं त्या काळाबद्दल सांगितलं जातं. आता हा नमस्कार साळुंक्यांना नव्हता, रामाला होता. पण रामाला चेहरा मिळाला होता तो साळुंक्यांचा. आपल्याकडे सिनेमाच्या नटाला मिळालेलं पहिलं भांडवल हे असं आहे. देवाच्या खात्यातला भरवसा नटाच्या खात्यात जमा झाला.

पुढे १९३६ साली 'प्रभात'चा 'संत तुकाराम' आला. तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेला हा गायक नट तुकाराम म्हणून शोभेल का, अशी शंका आधी घेतली गेली होती. पण चित्रपट असा चालला की मुंबईत तो वर्षभराहून अधिक काळ पडद्यावर राहिला, आणि व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. आजसुद्धा तुकाराम म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे पागनीसांचाच चेहरा येतो. पागनीसांनी हा भरवसा कशासाठी वापरला? पुढेही बहुतेक संतांच्याच भूमिका केल्या. तुलसीदास केला, नरसी भगत केला. एका अर्थाने ते त्या चेहऱ्याला बांधले गेले, असंच म्हणा ना.

आता लगेच पाच वर्षं पुढे या. साल १९४१. लक्स साबणाच्या जाहिरातीत पहिल्यांदा एक भारतीय तारका दिसली. कोण? आपल्या लीला चिटणीस. धारवाडला जन्मलेल्या, पदवीधर, मुलाबाळांच्या आई. नवऱ्यापासून वेगळं झाल्यावर घर चालवण्यासाठी काम करणाऱ्या. 'कंगन' आणि 'बंधन'मुळे अशोककुमारांबरोबर त्यांचं नाव देशभर झालं होतं. भल्या घरच्या शिकलेल्या बाईने सिनेमात जावं की नाही यावर वाद चालायचे, त्या काळातली ही गोष्ट. कित्येक मुलींना त्या जाहिरातीत साबणापेक्षा वेगळंच काही दिसलं असेल, की शिकलेली बाई स्वतःच्या नावाने, उजळ माथ्याने कमावू शकते. ते चांगलंच झालं.

पण त्याच दिवशी दुसरीही एक गोष्ट झाली. तोवर चेहऱ्यावरचा भरवसा तिकीटबारीवर वसूल व्हायचा. आता तो भाड्याने देता येऊ लागला. साबण होता, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही. पण वाट पडली ती पडलीच.

या वाटेच्या उलट दिशेने चालणारेही होते, आणि तेही मोठेच होते. पृथ्वीराज कपूर यांनी १९४४ साली पृथ्वी थिएटर्स काढलं. नाटक संपलं की हा धिप्पाड माणूस दाराशी झोळी पसरून, मान खाली घालून उभा राहायचा. निर्वासितांसाठी, संकटात सापडलेल्यांसाठी प्रेक्षकांनी जाता जाता त्यात काही टाकायचं. पडद्यावरचा सम्राट दारात याचक. सुनील दत्त आणि नर्गिस कलाकारांचं पथक घेऊन सीमेवरच्या जवानांपर्यंत गेले. पंजाब जळत होता तेव्हा, १९८७ साली, सुनील दत्त मुंबईहून अमृतसरपर्यंत पायी गेले. तेव्हा ते खासदार होते, हे खरं. पण एवढं चालायला पाय स्वतःचेच लागतात.

आणि अशा भूमिकेची किंमत मोजावी लागते, हेही विसरू नका. आणीबाणीत, १९७६ साली, किशोरकुमारांनी सरकारी प्रचाराच्या कार्यक्रमात गायला नकार दिला. झालं, आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून त्यांचा आवाजच बंद केला गेला. आज आपण सहज म्हणतो, "हे नट बोलत का नाहीत?" बोलल्यावर काय होतं हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून. हे त्यांचं समर्थन नाही. पण आरोप करताना एवढं ध्यानात ठेवावं.

आता ज्या माणसापाशी मला यायचं होतं, तिथे येतो. निळू फुले.

पडद्यावर हा माणूस काय होता? पाटील, सरपंच, कारखानदार, दुसऱ्याच्या लेकीसुनांवर नजर ठेवणारा. 'एक गाव बारा भानगडी'पासून 'सामना'पर्यंत त्यांनी रंगवलेली माणसं आठवा. गावोगावच्या बायका त्यांना प्रत्यक्ष समोर बघून घाबरायच्या, शिव्या घालायच्या, असे किस्से आजही सांगितले जातात. आणि पडद्याबाहेर? पुण्यातल्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेला माणूस. नाव झाल्यावरही चळवळींच्या व्यासपीठावर जाऊन बसणारा. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या सोबत्यांनी आचार्य अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग महाराष्ट्रभर केले, तेही नावाजलेल्या नटनट्यांना घेऊन. त्या पैशातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा थोडं मानधन मिळावं, घरची चूल पेटती राहावी, हा त्यामागचा हेतू.

आता नीट बघा. आपण नेहमी म्हणतो की नटांनी पडद्यावर चांगल्या भूमिका कराव्यात, पोरांवर वाईट परिणाम होतो. या हिशेबाने निळूभाऊ महाराष्ट्रातले सगळ्यात बेजबाबदार नट ठरतील! पण उलट झालं. त्यांनी रंगवलेला सरपंच पाहून गावाला आपला सरपंच ओळखता आला. म्हणजे जबाबदारीची मोजपट्टी भूमिकेला लावायचीच नसते. नाटक-सिनेमात दोन्ही बाजूंना माहीत असतं की हे खोटं आहे. खलनायकाने खून केला म्हणून कुणी पोलिसांत जात नाही.

जाहिरातीचं तसं नाही, मंडळी. तिथे नट स्वतःच्या नावाने, स्वतःच्या चेहऱ्याने सांगतो, "हे घ्या." तिथला खोटेपणा फक्त एकाच बाजूला माहीत असतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण एकाच माणसात सापडतं. अमिताभ बच्चन. पोलिओच्या मोहिमेत ते टीव्हीवरून आईबापांवर चक्क रागावायचे, बाळाला दोन थेंब पाजायला आणा म्हणून. लाखो स्वयंसेवकांनी आणि आशा-अंगणवाडीच्या बायकांनी दारोदार जाऊन केलेलं ते काम होतं, सगळं श्रेय एका चेहऱ्याला देता येणार नाही. पण दार उघडायला तो चेहरा कामी आला. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला, आणि २०१४ साली आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

आणि तोच चेहरा पुढे एका पानमसाल्याच्या ब्रँडच्या जाहिरातीत दिसला. ओरड झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये, वाढदिवसाच्या दिवशी, त्यांनी करार सोडल्याचं आणि पैसे परत केल्याचं जाहीर केलं. ही आडवाटेची जाहिरात आहे हे आधी माहीत नव्हतं, असं कारण दिलं गेलं. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२२ मध्ये, अक्षयकुमारने अशाच एका वेलचीच्या जाहिरातीबद्दल माफी मागितली आणि मानधन चांगल्या कामाला देईन म्हणाला. मात्र कराराची मुदत संपेपर्यंत जाहिरात दिसू शकेल, हेही त्यानेच सांगितलं. पश्चात्ताप झाला तरी चेहरा भाड्यावरच!

ही आडवाट कशी चालते? २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातीवर बंदी आली. मग त्याच नावाने, त्याच रंगाच्या वेष्टनात वेलची आली, सोडा आला. जाहिरात वेलचीची, पण डोक्यात ठसतं ते नाव. टपरीवर त्याच नावाचं बाकी सगळंही मिळतं. आणि तंबाखू नसली तरी सुपारी असतेच ना. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच सुपारी माणसात कर्करोग घडवते असं सांगितलेलं आहे. भारतातल्या पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त आढळणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग येतो. आपल्या महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे. तरीही टपरीवर माळा लटकलेल्या दिसतात, हे मी सांगायची गरज नाही.

कायदा काही म्हणतो का? म्हणतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फसव्या जाहिरातीत काम करणाऱ्यालाही दंड होऊ शकतो. पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. वर्षभर, आणि पुन्हा घडलं तर तीन वर्षांपर्यंत, जाहिरात करायला मनाईसुद्धा होऊ शकते. मात्र आपण पुरेशी खातरजमा केली होती हे दाखवलं तर सुटका आहे. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा आडवाटेच्या जाहिरातींना स्पष्ट मनाई केली. कागदावर सगळं आहे. पण कोट्यवधींच्या करारापुढे दहा लाख म्हणजे किती, हा हिशेब तुम्हीच करा.

मग नटांकडून मागायचं काय? संत व्हा, असं मी म्हणणार नाही. पागनीसांना आपण संत करून टाकलं, तो आपला सोस होता. पाणी फाउंडेशनमधून आमीर खान आणि किरण राव यांनी, नाम फाउंडेशनमधून नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी दुष्काळी महाराष्ट्रात काम उभं केलं, त्याचं कौतुक जरूर करावं. पण प्रत्येकाने खोरं-कुदळ घेऊन माळावर यावं, हीही सक्ती नको. मागणं एवढंच आहे, की जी वस्तू स्वतःच्या पोराच्या हातात देणार नाही, ती आमच्या पोराच्या हातात देऊ नका. एवढं जमलं तरी खूप झालं.

आता ताई, तुमच्या मुलाला काय सांगायचं? त्याला म्हणा, "बाळा, तो हिरो टीव्हीवर खातो ते पैसे घेऊन. घरी तो काय खातो, हे त्याने आपल्याला कधी दाखवलंय का?" आणि मग निळू फुल्यांचा एखादा सिनेमा त्याच्याबरोबर बसून बघा. पडद्यावर वाईट दिसणारा माणूस चांगला असू शकतो, हे एकदा कळलं की पडद्यावर चांगला दिसणारा प्रत्येक जण आपलं भलंच सांगतो असं नाही, हेही त्याचं त्यालाच उमगेल.

आजच्यापुरतं इथेच थांबू. तुमच्या घरात अशा पुडीवरून कधी बोलणं झालं असेल, तर जरूर कळवा. पुढच्या भागात भेटूच. नमस्कार!