यारीची निवड : मुंबई बंदर ते भिवंडी परिसर – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

जड वस्तू उचलणाऱ्या यंत्रास मराठीत 'यारी' ही जुनी संज्ञा आहे. व्यवहारात मात्र 'क्रेन' हाच शब्द रूढ झाला. भिवंडीची ओळख दीर्घकाळ यंत्रमागांशी निगडित राहिली. तेथील सुताचे व कापडाचे ओझे प्रामुख्याने हमालाच्या पाठीवरून आणि हातगाडीवरून वाहिले गेले. पुढे गोदामे, उड्डाणपूल आणि महामार्ग यांच्या बांधकामामुळे यारी या परिसरात नित्याची झाली. प्रस्तुत निबंधात या स्थित्यंतराच्या आधारे यारीच्या निवडीचा प्रश्न तपासला आहे. 'यारी किती टनांची?' यापेक्षा 'ती कोठे उभी राहणार, किती अंतरावर भार उचलणार आणि निर्णय कोणाचा?' हे प्रश्न अधिक निर्णायक आहेत, हे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

बंदरातील स्थिर यारी :

विल्यम आर्मस्ट्राँग यांनी 1846 मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जलदाबावर चालणारी यारी उभारली. मुंबईत प्रिन्सेस डॉक (1880), व्हिक्टोरिया डॉक (1888) आणि अलेक्झांड्रा डॉक (1914) या गोद्यांमुळे बंदरातील यांत्रिक भारवहनाचा विस्तार झाला. बंदरातील यारीची एक बाजू ध्यानात घेण्यासारखी आहे. तिच्याखालचा धक्का पक्क्या बांधणीचा असे, तिचा फिरण्याचा पल्ला ठरलेला असे आणि जहाज तिच्यापाशी येत असे. म्हणजेच जागा, अंतर व भार या तीन गोष्टींपैकी पहिल्या दोन आधीच निश्चित होत्या. निवडीचा प्रश्न गोदी बांधतानाच अभियंत्याने सोडविलेला असे.

भिवंडीतील फिरती यारी :

मुंबई महापालिकेच्या जकात हद्दीबाहेर, परंतु बंदर व महामार्ग यांच्या आवाक्यात असल्याने काल्हेर, दापोडे, पूर्णा, वळ, माणकोली या गावांच्या परिसरात गोदामे वाढली. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन मुंबईतील जकात संपली, तरी गोदामांची वाढ थांबली नाही. कारखान्यात तयार केलेले पोलादी खांब व तुळया जागेवर आणून जोडण्याच्या पद्धतीमुळे फिरत्या यारीची गरज वाढली. 'हायड्रा' या नावाने सर्वपरिचित झालेली, भार उचलून चालत जाणारी यारी सहज व स्वस्तात मिळत असल्याने तीच बहुतेक कामांना वापरली जाऊ लागली. येथे बंदरातील क्रम उलटला. यारी भाराकडे जाऊ लागली आणि जागा व अंतर प्रत्येक वेळी बदलू लागले. अभियंत्याने आधी सोडविलेला प्रश्न आता ऐनवेळी मुकादमापुढे व चालकापुढे येऊ लागला.

निवडीचे निकष :

यारीवर लिहिलेली क्षमता ही भार अगदी जवळ असतानाची असते. 10 टनांची तुळई 6 मीटर अंतरावर 60 टन-मीटर इतका उलथविणारा परिणाम घडविते; तीच 12 मीटरवर 120 टन-मीटर घडविते. त्यामुळे क्षमतेचा तक्ता पाहताना अंतर, बूमची लांबी आणि आकडा व साखळ्यांचे वजन एकत्र धरावे लागते. हायड्राच्या बाबतीत आणखी एक मर्यादा आहे. ती वळण घेत असताना किंवा उतारावर असताना तिचे स्थैर्य घटते व लटकता भार झोके घेतो.

दुसरा निकष जमिनीचा. पूर्वीच्या भातखाचरांवर मुरमाचा भराव घातलेल्या जमिनी वरून टणक दिसतात, परंतु भरावाखाली मऊ माती असू शकते. यारीच्या एका आधारपायावर 40 टन भार आला आणि त्याखालील पाट अर्धा मीटर चौरस असला, तर दर चौरस मीटरला 160 टन दाब पडतो. तोच पाट दोन मीटर चौरस केल्यास दाब 10 टनांवर येतो. मोठी यारी आणल्याने हा प्रश्न सुटत नाही. तिच्या स्वतःच्या वजनामुळे तो कधी कधी वाढतो.

सरळांबे येथील दुर्घटना :

31 जुलै 2023 च्या मध्यरात्रीच्या सुमारास शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम सुरू असताना गर्डर बसविणारे यंत्र गर्डरसह कोसळले आणि 20 जणांचा मृत्यू झाला. वृत्तपत्रांनी 'क्रेन' म्हटलेले हे यंत्र वस्तुतः पुलाच्या खांबांवर टेकून पुढे सरकणारे 'लाँचर' होते. दरीसारख्या ठिकाणी, जेथे खालून यारी लावणे कठीण असते, तेथे अशा यंत्राची निवड तत्त्वतः योग्य ठरते. मात्र तेथे जमिनीची जागा खांब व त्यावरील टेकू घेतात आणि पुढे सरकण्याचा टप्पा सर्वांत नाजूक असतो. योग्य जातीचे यंत्र निवडले म्हणजे निवड पूर्ण होत नाही. प्रत्येक टप्प्याला ती नव्याने तपासावी लागते. याच महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडी तालुक्यातील आमणे हा 76 किलोमीटरचा अखेरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. भिवंडीला मिळालेल्या या सोयीच्या इतिहासात त्या 20 जणांची नोंद असणे आवश्यक आहे.

कायद्याची चौकट :

कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 29 ने उचलयंत्राची किमान 12 महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी आणि सुरक्षित भाराची ठळक नोंद बंधनकारक केली. बांधकाम कामगारांसाठी 1996 चा स्वतंत्र अधिनियम आला. 21 नोव्हेंबर 2025 पासून या दोन्हींची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता, 2020 ने घेतली. तथापि वार्षिक तपासणीचे प्रमाणपत्र यंत्राच्या प्रकृतीविषयी सांगते. त्या दिवशीच्या जमिनीविषयी, वाऱ्याविषयी व अंतराविषयी ते काही सांगू शकत नाही.

निष्कर्ष :

1. बंदरातील स्थिर यारीपासून भिवंडीतील फिरत्या यारीपर्यंतच्या प्रवासात यंत्राची शक्ती वाढली, परंतु निवडीचा निर्णय अभियंत्याच्या मेजावरून कामाच्या जागेवर सरकला.

2. योग्य यारी म्हणजे सर्वांत मोठी किंवा सर्वांत स्वस्त यारी नव्हे. भार, अंतर, जमीन व उचलण्याचा क्रम यांच्याशी जुळणारी यारी होय.

3. प्रत्येक जड उचलीपूर्वी लेखी आराखडा करून त्यावर जबाबदार अभियंत्याची स्वाक्षरी असावी आणि शंका आल्यास काम थांबविण्याचा अधिकार चालकाला असावा. भाराखाली उभा असतो तो मजूर. निवडीत त्याचा शब्द नसतो, म्हणून निवड करणाऱ्याचे नाव कागदावर असले पाहिजे.