पितळ उघडे पडण्यापूर्वी : स्वस्त घड्याळांच्या इतिहासाविषयी

एखाद्याचे ढोंग उघडकीस आले की त्याचे 'पितळ उघडे पडले' असे आपण म्हणतो. या वाक्प्रचारात एक कारागिरी गृहीत धरलेली आहे : वर सोन्याचा मुलामा, खाली पितळ, आणि रोजच्या वापराने मुलामा झिजल्यावर डोकावणारा खालचा धातू. इंग्रजीत याच अर्थाच्या आसपास वावरणारा 'पिंचबेक' असा एक शब्द आहे, आणि तो चक्क एका घड्याळजीचे आडनाव आहे. ख्रिस्तोफर पिंचबेक (मृत्यू १७३२) याचे लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर दुकान होते. तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणातून त्याने सोन्यासारखा दिसणारा एक धातू सिद्ध केला. या धातूच्या वस्तू त्याच्याच नावाने ओळखल्या जात आणि विकल्या जात. गिऱ्हाईक सोने समजून पिंचबेक घेत नसे. तरीही कालांतराने 'पिंचबेक' हे खोटे, दिखाऊ, बेगडी अशा अर्थाचे विशेषण होऊन बसले. आपल्या वस्तूला स्वतःचे नाव देणाऱ्या माणसाचे नावच खोटेपणाला चिकटावे, हा भाषेने केलेला अन्याय मला नेहमी विचारात पाडतो. स्वस्त वस्तू महागासारखी दिसते तेव्हा ती खोटे बोलत असते काय? घड्याळाच्या इतिहासात हा प्रश्न पुन्हापुन्हा उपस्थित झालेला आहे, आणि त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

पिंचबेकच्या नेमक्या उलट टोकाला जॉर्ज फ्रेदेरिक रोस्कोफ उभा आहे. १८१३ साली जर्मन भूमीवर, बाडेन प्रांतात जन्मलेला हा माणूस १८२९ साली स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फों या घड्याळांच्या गावी आला आणि तेथलाच झाला. मार्क्सने 'भांडवल' या ग्रंथात श्रमविभागणीचे उदाहरण म्हणून घड्याळाचाच धंदा घेतला आहे. एकेका सुट्या भागासाठी राबणाऱ्या वेगवेगळ्या कारागिरांची लांबलचक यादी तो देतो आणि ला शो-द-फों हे गावच एक प्रचंड कारखाना असल्याचे म्हणतो. त्या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला १८६७ साली. त्याच वर्षी, त्याच गावात, रोस्कोफने मजुरांसाठी वीस फ्रँकचे खिशातले घड्याळ तयार केले. साध्या मजुराच्या साधारण आठवड्याच्या कमाईत येणारे. त्याने त्याला नाव दिले 'ला प्रोलेतेर', म्हणजे श्रमिकाचे.

हे घड्याळ त्याने स्वस्त कसे केले, ते पाहण्यासारखे आहे. नेहमीच्या घड्याळातील भागांच्या निम्म्याहूनही कमी, म्हणजे अवघे ५७ भाग त्याने वापरले. स्प्रिंगचा डबा मोठा करून मधले चाकच काढून टाकले. माणकांच्या जागी पोलादाच्या साध्या खुंट्या बसवल्या. चांदीऐवजी निकेलयुक्त पांढऱ्या मिश्रधातूचे कवच वापरले. आरंभीच्या घड्याळांत काटे फिरवण्याची यंत्रणाही नव्हती. काच उघडायची आणि काटा बोटाने सरकवायचा. थोडक्यात, जे जे मिरवण्यापुरते होते ते त्याने गाळले आणि वेळ नीट दाखवण्यास जे लागते तेवढे राखले. गावातल्या प्रतिष्ठित कारागिरांना हा प्रकार मानवला नाही, यात नवल नाही. श्रीमंतीची खूण म्हणून जी वस्तू ते घडवत होते, तिची प्रतिष्ठाच हा माणूस कमी करत होता.

पुढची गोष्ट मात्र विपरीत आहे. स्वित्झर्लंडमध्ये पेटंटचा कायदा १८८८ साली आला. तोवर रोस्कोफला आपल्या देशात संरक्षण नव्हते. त्याची घड्याळे चालू लागताच नकला निघाल्या. नावात एखादे अक्षर जास्त घालून 'रोस्स्कोफ' अशी लिहिलेली घड्याळे बाजारात आली. गरिबासाठी केलेल्या, मिरवणे पूर्णपणे नाकारणाऱ्या वस्तूचीही बनावट आवृत्ती निघू शकते, हे तेव्हाच सिद्ध झाले. विश्वासार्हतेची ख्याती झाली की सोन्याची गरज राहत नाही. तिचीच नक्कल होऊ लागते.

मनगटी घड्याळ पुरुषांमध्ये रुळले ते पहिल्या महायुद्धानंतर, आणि त्याबरोबर देखाव्याचे महत्त्व वाढले. खिशातले घड्याळ गरज पडली तर बाहेर काढायचे. मनगटावरचे सदैव चारचौघांच्या नजरेत. तेव्हापासून स्वस्त घड्याळ करणाऱ्यांनी दोन वाटा धरल्या. एक मुलाम्याची आणि दुसरी आकड्यांची.

आकड्यांची वाट अधिक गमतीची आहे. घड्याळाच्या चाकांच्या टोकांशी घर्षण कमी व्हावे म्हणून माणके बसवतात. ऑग्युस्त व्हर्न्युई याने १९०२ साली कृत्रिम माणिक तयार करण्याची पद्धत जाहीर केल्यावर ही माणके अगदी स्वस्त झाली, पण तबकडीवरच्या 'सतरा ज्युवेल्स' या शब्दांची जादू ओसरली नाही. साध्या हाताने चावी देण्याच्या घड्याळाला सतरा माणके पुरेशी असतात. साठच्या दशकात मात्र ही संख्या फुगत गेली; जपानच्या ओरिएंट कंपनीने १९६४ साली शंभर माणकांचे घड्याळ काढले. यातली कित्येक माणके काहीच काम करत नव्हती, ती केवळ मोजण्यासाठी बसवलेली होती. अखेर १९७४ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने निरुपयोगी माणके मोजण्यास मनाई केली. अलंकार अर्थाला उपकारक नसेल तर तो दोष ठरतो, असे आपण काव्यशास्त्रात शिकतो. घड्याळवाल्यांना ते कळायला समितीची बैठक भरवावी लागली.

या पार्श्वभूमीवर १९६१ साल महत्त्वाचे आहे. त्या वर्षी हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळांचा कारखाना सुरू केला. तोवर हिंदुस्थानात घड्याळ म्हणजे बव्हंशी स्विस घड्याळ. फाव्र ल्यूबा आणि वेस्ट एंड ही नावे मुंबईत एकोणिसाव्या शतकापासून रुजलेली होती. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि चोरट्या मार्गाने आलेले घड्याळ हे मुंबईच्या मुसाफिरखान्यातले एक प्रमुख आकर्षण होऊन बसले. अशा काळात एचएमटीने जी घड्याळे काढली, त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध घड्याळाचे नाव होते 'जनता'. रोस्कोफच्या 'प्रोलेतेर'चा जणू हिंदी अनुवादच. हा योगायोग असेल, पण दोन्ही नावांमागची भूमिका एकच आहे.

फरक आहे तो आतल्या यंत्रात. रोस्कोफने माणके काढून टाकली होती. 'जनता'मध्ये सतरा होती आणि सर्व कामाची होती. बाहेरून पांढरी तबकडी, बारीक काटे, तारीख नाही, वार नाही, झगमगाट नाही. काही तबकड्यांवर 'जनता' हे नाव देवनागरीत. रोज सकाळी चावी द्यायची, तिची दातेरी करकर बोटांना जाणवायची. आज जिनिव्हाच्या अत्यंत महाग घड्याळांशेजारी ठेवली तरी ही तबकडी ओशाळत नाही, असे माझे मत आहे. याचे कारण तिने महागड्या घड्याळाची नक्कल केली, हे नव्हे. पाटेक फिलिपने १९३२ साली काढलेले 'कालात्राव्हा' हे घड्याळही असेच साधे होते : गोल आकार, मोकळी तबकडी, मोजक्या रेघा. तिथे साधेपणा रुचीतून आला, इथे काटकसरीतून. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचल्या. घड्याळ 'हलके' दिसते ते गर्दीमुळे, उगीचच्या चकाकीमुळे, नसलेल्या बटणांच्या आभासामुळे. ज्याने काही लपवायचे नसते, त्याला सजवावे लागत नाही.

पण एचएमटीच्याच यादीत 'सोना', 'कांचन', 'कोहिनूर', 'रजत' अशीही नावे आहेत, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष करून 'जनता'चे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. लोकांना केवळ वेळ नको होती. लग्नात जावयाला द्यायच्या वस्तूंत अंगठी, सायकल, रेडिओ यांच्या बरोबरीने घड्याळ होते, आणि ते सोनेरी असावे अशी अपेक्षा होती. सोन्याचे घड्याळ देणे मुलीच्या बापाच्या आवाक्यात नव्हते. सोनेरी देणे कर्ज काढून का होईना जमत होते. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण कुचेष्टेने वापरली जाते, पण त्या बापाच्या बाजूने विचार केला तर तो मुलामा चार लोकांत मान खाली जाऊ नये म्हणून घेतलेला असे. तो कोणाला फसवत नव्हता. मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक होते की हे सोने नव्हे.

हा मुलामा मायक्रॉनमध्ये मोजतात, आणि दहा मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. पट्टा अडकवण्याच्या टोकांवर तो आधी झिजतो, कारण बाही तिथे घासते. घामाने पितळ हिरवे पडते, म्हणून अशा घड्याळांचे मागचे झाकण बहुधा स्टेनलेस स्टीलचे करतात आणि त्यावर 'स्टेनलेस स्टील बॅक' असे कोरतात. हे तीन शब्द वाचताना मला नेहमी हसू येते. मागचे झाकण तेवढे पोलादी आहे असे सांगणे म्हणजे उरलेले पोलादी नाही, याची कबुलीच. पुढे लबाडी आणि मागे कबुलीजबाब, असे हे दुतोंडी लेखन. फक्त दुसरे तोंड कातडीला टेकलेले असल्याने कोणी वाचत नाही.

क्वार्ट्झ आल्यावर हे सारे गणित बदलले. सेइकोचे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ डिसेंबर १९६९ मध्ये साडेचार लाख येनला विकायला आले. तेवढ्या किमतीत तेव्हा जपानात छोटी मोटार येई. दोन दशकांच्या आत तीच अचूकता कोणत्याही फुटपाथवर मिळू लागली. आतले यंत्र इतके स्वस्त झाले की त्याचा सामाजिक अर्थच संपला, आणि फरक उरला तो फक्त दिसण्याचा. टाटा आणि तमिळनाडू सरकारचे औद्योगिक विकास महामंडळ यांनी १९८४ साली स्थापलेल्या टायटनने हे नेमके ओळखले. १९८७ पासून तिने घड्याळ हे यंत्र म्हणून न विकता लेणे म्हणून विकले. जाहिरातीला मोत्झार्टच्या पंचविसाव्या सिम्फनीचे सूर होते. ते कोणाचे, हे बहुतेक प्रेक्षकांना माहीत नसावे. पण ते श्रीमंत घरातले आहेत, एवढे कानाला कळत होते. मुलामा सुरांचाही देता येतो. एचएमटीला हा पालट पेलला नाही. तोट्यात गेलेला तिचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ साली मंजुरी दिली.

त्यानंतर जे घडले ते रोस्कोफच्या कथेची पुनरावृत्ती वाटावी असे आहे. 'जनता'ला जगभरचे संग्राहक शोधू लागले, आणि लगोलग तिच्या बनावट आवृत्त्याही वाढल्या. या संग्राहकांच्या बोलीत 'मुंबई स्पेशल' असा एक तुच्छतादर्शक शब्द आहे. जुन्या, मोडक्या घड्याळांचे भाग एकत्र करून, तबकडी नव्याने रंगवून, नवे म्हणून विकलेले घड्याळ असा त्याचा अर्थ. गडद निळ्या, शेंदरी, पोपटी तबकड्या. मूळ कारखान्यातून कधीच न निघालेले रंग. कधी अक्षरांचे वळण चुकलेले, कधी पायलटच्या तबकडीखाली जनताचे यंत्र. लांबून आणि छायाचित्रात ही घड्याळे किमतीपेक्षा कितीतरी भारी दिसतात.

साहित्याच्या अभ्यासकाला यात एक ओळखीचा प्रश्न दिसावा. हस्तलिखिताची नक्कल करणारा लेखनिक जीर्ण झालेली ओळ स्वतःच्या समजुतीने भरून काढतो. त्याचा हेतू पोथी वाचनीय ठेवण्याचा असतो, पण परिणाम मूळ पाठ हरवण्यात होतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती अशा शिरकावांचा निचरा करण्यासाठी. तबकडी पुन्हा रंगवणे ही मुळात दुरुस्तीच होती. दमट हवेत डाग पडलेली तबकडी मालकाला नवी करून हवी असे, कारागीर ती करून देई, आणि दोघांनाही त्यात काही वावगे वाटत नसे. तिथवर तो पिंचबेकच होता, स्वतःच्या नावाने विकला जाणारा. तेच घड्याळ 'मूळ तबकडी, न वापरलेले' अशा शब्दांत परदेशी गिऱ्हाइकाला विकले गेले, तेव्हा रंग तोच राहून त्याची लबाडी झाली. संग्राहकांचा राग मला समजतो, पण त्या संतापात एका शहराचे नाव शिवीसारखे वापरले जाते, हे पटत नाही. जुनी तबकडी घासून काढल्यावर खालचे मूळ अक्षर कायमचे जाते आणि असा एकेक पुरावा नष्ट होतो, ही हानी खरी आहे. तेवढेच खरे की पाठीवर 'पुनर्रंगित' एवढा एकच शब्द कोरला असता तर त्याच कारागिराच्या हाताचे कौतुक झाले असते.

अशा एखाद्या शेंदरी 'जनता'चे मागचे झाकण उघडले तर आत बहुधा बंगळूरचे सतरा माणकांचे यंत्र असते. चावी दिली की ते चालू लागते. त्याच्या वर कोणते अक्षर कोणत्या रंगात लिहिले आहे, याचा त्याच्या चालीशी काही संबंध नसतो.