नांगरटीतील घंटाखंड : इंग्लंडच्या ग्रामीण इतिहासाचे एक साधन

इंग्लंडच्या ग्रामीण इतिहासाच्या अभ्यासात जहागिरींची दप्तरे, पॅरिशच्या नोंदवह्या व मृत्युपत्रे यांचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि गाडीच्या घोड्याच्या गळ्यातून निसटून चिखलात पडलेली घंटिका कोणत्याही दप्तरात नोंदली जात नाही. गेल्या अर्धशतकात धातुशोधक यंत्रे घेऊन शेते धुंडाळणाऱ्या हौशी शोधकांमुळे अशा घंटिकांचे व मोठ्या घंटांचे तुकडे विपुल प्रमाणात उजेडात आले. पुरावा म्हणून त्यांची योग्यता किती, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो.

या तुकड्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग ‘क्रोटल’ नावाच्या गोल, बंद घंटिकांचा होय. महाराष्ट्रातील बैलांच्या घुंगुरमाळेतील घुंगराशी त्यांचे साम्य तत्काळ ध्यानात येते. मध्ययुगातील क्रोटल बहुधा पत्र्याचे दोन अर्धगोल जोडून केलेले असत. पुढे ते एकसंध ओतले जाऊ लागले. मातीच्या गाभ्यात लोखंडी गोळी ठेवून त्याभोवती धातू ओतीत आणि नंतर ती माती फटीतून कोरून काढीत. लोखंड गंजून जात असल्याने सापडलेल्या क्रोटलांपैकी पुष्कळ मुके असतात. काहींवर खवल्यांसारखी नक्षी व ओतकाराची आद्याक्षरे आढळतात. ‘आर’ व ‘डब्ल्यू’ ही अक्षरे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील विल्टशर परगण्याच्या ऑल्डबोर्न गावातील रॉबर्ट वेल्स याच्या ओतशाळेची मानली जातात. परंतु एकच साचा दीर्घकाळ वापरात राहू शकतो. म्हणून आद्याक्षरांवरून ओतशाळा कळली, तरी निश्चित वर्ष कळतेच असे नाही.

दुसरा वर्ग चर्चच्या मोठ्या घंटांच्या तुकड्यांचा. सुमारे चार भाग तांबे व एक भाग कथील यांचे हे मिश्रण नादमधुर, पण ठिसूळ असते. तुकड्याच्या वक्रतेवरून मूळ घंटेच्या व्यासाचा अंदाज बांधता येतो. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ विसर्जित केले, तेव्हा तेथील अनेक घंटा धातूच्या मोलाने विकल्या गेल्या. म्हणून मठाजवळच्या शेतात असा तुकडा मिळताच त्याचा संबंध या विध्वंसाशी जोडण्याचा मोह होतो. परंतु वाहतुकीच्या अडचणींमुळे मोठ्या घंटा पुष्कळदा चर्चच्या आवारातच ओतल्या जात; तेव्हा तो तुकडा फसलेल्या ओतकामाचा किंवा पुन्हा वितळविण्यासाठी फोडलेल्या जुन्या घंटेचाही असू शकतो.

क्रोटलांच्या बाबतीतही अशीच सावधगिरी आवश्यक आहे. घंटिका शेतात मिळाली म्हणून ती तेथेच जनावराच्या गळ्यातून पडली, असे सिद्ध होत नाही. घरचा केरकचरा उकिरड्यावर जाई व तेथून खताबरोबर शेतात पसरला जाई. मोडकी घंटिकाही त्याच वाटेने आलेली असेल. एकट्या तुकड्यावरून हा निर्णय करता येत नाही. जुन्या रस्त्याच्या कडेने अशा घंटिका ओळीने मिळाल्या तर वाहतुकीचा तर्क बळावतो. भांड्यांच्या खापऱ्यांसह त्या शेतभर विखुरलेल्या असल्या तर खताचा.

येथेच या साधनाचे मर्म आहे. नांगराने माती वारंवार उलथल्यामुळे थरांचा क्रम नष्ट झालेला असतो आणि खोलीला फारसा अर्थ उरत नाही. उरते ते केवळ स्थान. तेही टिपून न ठेवता तुकडा उचलला, तर शिल्लक असलेला पुरावाही नाहीसा होतो.

इंग्लंडमधील १९९६ चा निधिविषयक कायदा मुख्यतः सोन्याचांदीच्या जुन्या वस्तूंना लागू होतो. २०२३ मध्ये त्याची व्याप्ती वाढवून असाधारण महत्त्वाच्या इतर धातुवस्तूही त्यात घेण्यात आल्या. तरी सामान्य घंटाखंड त्याबाहेरच राहतात. त्यांची नोंद १९९७ मध्ये सुरू झालेल्या पुरावस्तु-नोंदणी योजनेकडे शोधकाने स्वेच्छेने करावयाची असते. या योजनेत आजवर १५ लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत.

सारांश, घंटाखंडाचे ऐतिहासिक मोल त्याच्या धातूत नसून त्याच्या स्थाननोंदीत आहे. स्थान ज्ञात असेल तर अक्षरहीन तुकडाही जुन्या वाटांविषयी व शेतीच्या रीतींविषयी साक्ष देतो. ते हरवले तर ओतकाराच्या अक्षरांनी अंकित असा सुबक नमुनाही केवळ संग्राहकाच्या कपाटातील शोभेची वस्तू ठरतो.